भिंगारची पाणबुडी

शमुवेल साळव्यांच्या घरी जायचं तर आधी एका पाइपाला तोंड दाखवावं लागतं.

फाटकाची कडी वाजवली की कंपाउंडच्या भिंतीमागून एक करडा पाइप हळूहळू वर येतो. नळाच्या कामाला वापरतात तसलाच, वरच्या टोकाला कोपर बसवलेला आणि कोपराच्या तोंडात दाढीचा आरसा. पाइप आधी डावीकडे फिरतो, मग उजवीकडे, आणि शेवटी तुमच्याकडे वळून थांबतो. तुम्ही नवीन असाल तर चार पावलं मागे सरता. जुन्या असाल तर पदर सारखा करून उभ्या राहता. मग आतून आवाज येतो, "कोन हाय ते कळालं. या, फाटक उघडंच हाय."

फाटक कायम उघडंच असतं. पण तपासणी झाल्याशिवाय आत जायचं नाही, हा त्या घरचा रिवाज आहे. आमचा दूधवाला पाइपाला सलाम करतो. पोस्टमन पाइपासमोर पाकीट धरतो, म्हणजे आतल्याला पत्ता वाचता यावा. एक मांजर आहे, ती भिंतीवर बसून पाइपाच्या तोंडात तोंड घालून बघते, आणि आतून साळवे ओरडतात, "शत्रू लई जवळ आला, हाकला!"

भिंगार हे पलटणीचं गाव. इथल्या भाजीवाल्यालाही सुभेदार आणि हवालदार यातला फरक कळतो. रणगाड्याचा आवाज आला तर पाळण्यातलं पोर कूस बदलून परत झोपतं. पण हे सगळं जमिनीवरचं शौर्य. पाण्याचं म्हणाल, तर आमच्या गल्लीत नळ आला की बायका एकमेकींना हाका मारतात आणि हातातलं काम टाकून हंड्यांकडे धावतात. अशा गावात हा माणूस पाणबुडीचा कप्तान होऊन बसला आहे.

साळवे लष्करात नव्हते. लष्कराच्या भांडारात नागरी नोकर होते, स्टोअरकीपर. ब्लँकेटं, बादल्या, मच्छरदाण्या द्यायच्या आणि परत घ्यायच्या, यात त्यांचं आयुष्य गेलं. एकदा कुठल्याशा साहेबांची बदली झाली आणि सामान आवरताना त्यांनी एक खोका फेकायला काढला. साळव्यांनी तो मागून घेतला. खोका विलायती, तुमच्या-माझ्या जन्माआधीचा. झाकणावर खवळलेला समुद्र आणि एक दाढीवाला खलाशी, दातओठ खाऊन दुर्बिणीतून बघणारा. कोपरे निघाले होते, त्यांना साळव्यांनी दवाखान्यातली चिकटपट्टी लावली आहे. आत निळा पट, शिशाच्या छोट्या बोटी, एक शिशाची पाणबुडी, बाँब म्हणून लाल लाकडी गुंड्या, आणि मधे उभी करायची एक पुठ्ठ्याची भिंत. एकाने भिंतीच्या अलीकडे बोटी घेऊन बसायचं, दुसऱ्याने पलीकडे पाणबुडी लपवायची. बोटवाल्याने आंधळे बाँब टाकायचे आणि पाणबुडीवाल्याने ते कुठे पडले हे प्रामाणिकपणे सांगायचं. एवढाच खेळ.

एवढाच खेळ, पण साळव्यांनी तो अंगात भिनवून घेतला. दुपारी झोपायला जाताना "डुबकी मारतो" म्हणतात. उठले की "वर आलो." आजारी असले तर "सध्या खोल पान्यात हाय." आणि काहीही सांगून झालं की शेवटी "बाकी सर्व ठीक." एकदा गच्चीवरून पाय घसरून पडले, हात मोडला. आम्ही धावलो तर प्लास्टर घालायला जाताना रिक्षातून म्हणाले, "डाव्या अंगाला मार बसला हाय. बाकी सर्व ठीक."

समुद्र त्यांनी कधी पाहिलेला नाही. पाण्याचा मोठ्यात मोठा अनुभव म्हणजे भंडारदरा. बायकोला घेऊन गेले होते, धरणात होडीत बसले, आणि होडी सुटते न सुटते तोच कप्तानसाहेबांना उलट्या सुरू झाल्या. हे ते स्वतःच सांगतात. "वरून जायची आपल्याला सवयच न्हाई," म्हणतात. "आपन खालून जानारे."

मी हे हसत सांगते आहे असं वाटत असेल, तर थांबा. मी या माणसावर कित्येक वर्षं जळत होते. जळणं म्हणजे साधंसुधं नाही. भिंतीपलीकडे त्यांच्या कपबशीचा आवाज आला तरी माझ्या कपाळावर आठी चढायची.

कारण आमचे हे.

आमचे हे, म्हणजे सुधाकरराव, बँकेत कॅशियर होते आणि मुलखाचे अबोल. नोटा मोजताना बोलता येत नाही, हे मी समजू शकते. पण निवृत्तीनंतरही तोंडात मिठाची गुळणी? "चहा टाकू का?" "हं." "पाहुण्यांकडे जायचं का?" "बघू." मी शाळेची मुख्याध्यापिका झाले, त्या दिवशी धावत घरी आले आणि दारातूनच सांगितलं. हे वर्तमानपत्र खाली करून म्हणाले, "बरं." आणि वर्तमानपत्र पुन्हा वर गेलं.

आता असा स्वभावच आहे म्हणून मी गप्प बसले असते. पण हाच माणूस संध्याकाळच्या चहाची बशी खाली ठेवून चपला घालायचा, शेजारी साळव्यांच्या फाटकाशी जायचा, पाइपाला तोंड दाखवायचा, आणि थोड्याच वेळात भिंतीपलीकडून मला ह्यांचं बोलणं ऐकू यायचं. शब्द कळत नसत, पण बोलणं! लांबलचक, मधे न थांबता. आणि हसणं. ह्यांना हसताना आवाज होतो, हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी शेजाऱ्याच्या भिंतीतून कळलं.

दुसऱ्या कुणा बाईचं प्रकरण असतं तर मी भांडले तरी असते. सवत पाण्याखाली राहते आणि शिशाची आहे, हे सांगायचं कुणाला? माहेरी सांगितलं तर आई म्हणाली, "दारू पीत न्हाईत ना? मग खेळू दे." आईला काय कळतं यातलं!

मी उपाय केले. ह्यांना हुलग्याचे शेंगोळे जीव की प्राण. एका संध्याकाळी चहाच्या वेळेलाच गरमागरम शेंगोळे केले, वर लसणाची फोडणी, म्हटलं बघू आता कसे उठतात. ह्यांनी दोन वाट्या खाल्ले, उरलेले डब्यात भरले आणि डबा घेऊन शेजारी गेले. दुसऱ्या दिवशी भिंतीवरून आवाज, "शोभाताई, शेंगोळ्यात लसूण झकास हुता. बाकी सर्व ठीक." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मग एकदा डोकं दुखतंय म्हणून अंथरूण धरलं. हे उशाशी बसतील अशी आशा. हे गेले शेजारी, आणि थोड्या वेळाने साळव्यांकडून बाम घेऊन आले.

"एवढं काय बोलता तिथं?" मी एकदा विचारलंच.

"खेळतो."

"खेळता ते कळलं. बोलता काय?"

"खेळातलंच," म्हणाले, आणि झोपले.

मग तो गुडघ्याचा रविवार आला. हे सकाळीच पाथर्डीला गेले होते, चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. मला शाळेच्या तपासणीची तयारी होती म्हणून मी घरी. अंगणात कपडे वाळत घालत होते, तर भिंतीवरून एक हात आला. हातात तेलाची बाटली.

"हे घ्या, ताई. सुधाकरराव आले की लावा. एस.टी.त बसून गुडघा धरंल त्यांचा."

"कुणाचा गुडघा?"

"त्यांचाच. डावा. जिना चढताना लई कळ मारतो ना." मग माझा चेहरा दिसला असावा. "सांगितलं न्हाई व्हय त्यांनी?"

साळव्यांनी गडबडून विषय बदलायला म्हणून विचारलं, "आन् मग भंडारदऱ्याचं ठरलं का तुमचं? तुमाला सुट्टी मिळंना म्हनून अडलंय म्हनत हुते."

माझा हात दोरीवरच राहिला. ह्यांना मला भंडारदऱ्याला न्यायचं होतं. ते शेजाऱ्याला ठाऊक, मला नाही. माझ्या नवऱ्याचा गुडघा दुखतो, ते शेजाऱ्याला ठाऊक, आणि मी रोज सकाळी ह्यांना गच्चीवर पाण्याच्या टाकीचं झाकण बघायला पाठवते! नवरा माझा, जिना माझा, आणि कळ कुणाला कळते तर भिंतीपलीकडच्या स्टोअरकीपरला. ओल्या कपड्यांची बादली तिथेच ठेवली आणि मी निघाले.

फाटकाची कडी वाजवली नाही. पाइप वर येईपर्यंत थांबले नाही. तो बिचारा अर्ध्यात येऊन डावीकडे वळला, तोवर मी उजवीकडून आत होते. साळवे पाइपाच्या खालच्या टोकाला डोळा लावून ओणवे उभे होते. अंगात काळा कोट.

"मी खेळणार तुमच्याशी," मी म्हणाले. "आत्ता. मी जिंकले तर उद्यापासून हे संध्याकाळी घरी थांबतील."

साळवे सरळ झाले. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं हसतील, समजूत घालतील. पण हा माणूस खेळाच्या बाबतीत थट्टा करत नाही.

"आन् मी जिंकलो तर?"

हे मी ठरवलंच नव्हतं. "शेंगोळे," मी म्हणाले.

"कबूल."

आत टेबलावर पट मांडलेलाच होता. दोन खुर्च्या. ह्यांच्या खुर्चीत एक उशी होती, दुखरा पाय टेकवायला म्हणून बाजूला एक पाटही होता. माझ्या घरी ह्यांना पाट नाही, आणि इथं आहे! भिंतीवर रूथबाईंचा फोटो. आम्ही इथं घर घेतलं त्याआधीच त्या गेल्या, मी त्यांना फोटोतच पाहिलं आहे. गोल चेहरा, नर्सचा पांढरा गणवेश, आणि आत्ता काहीतरी बोलणार असं तोंड.

साळवे नियम सांगू लागले. पटाच्या कडेला पूर्वी इंग्रजी अक्षरं होती म्हणे, ती पुसली गेली. मग साळवे नवरा-बायकोने त्या सबंध समुद्राला आपल्या जिल्ह्यातली नावं दिली. जिथे निळा रंग गडद, पाणी खोल, ते भंडारदरा. मधला भाग म्हणजे नगर, त्याला लागून भिंगार. पूर्वेचा पिवळट पट्टा पाथर्डी. पाणबुडी कुठून कुठे जाऊ शकते, कुठे जात नाही, हे ते बारकाईने सांगत होते. पण मी अर्धंच ऐकलं. माझं लक्ष त्या उशीकडे होतं. उशीला ह्यांच्या पाठीचा खड्डा पडला होता.

"समजलं?"

"समजलं," मी म्हणाले, आणि भिंत मधे उभी राहिली.

गंमत बघा. पुठ्ठ्याची भिंत ती, वीतभर उंचीचीही नसेल. पण मान खाली घालून पटाकडे बघायचं असल्यामुळे समोरचा माणूस दिसेनासा होतो. नुसता आवाज राहतो.

"राहुरी," मी पहिला बाँब टाकला.

"लांब."

"श्रीगोंदा."

"लांब."

"नगर."

"जवळ." पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज. "रिपोर्ट देतो. आज भातात खडा लागला. बाकी सर्व ठीक."

"हे काय मधेच?"

"नियम हाय," असं म्हणून भिंतीवरून एक पिवळा कागद आला. खेळाबरोबर आलेले नियम, इंग्रजीत. अर्ध्यापर्यंत शाबूत आणि पुढे वाळवीने खाल्लेले. शेवटचं वाक्य असं होतं की बाँब जवळ पडला तर पाणबुडीने खरा रिपोर्ट द्यावा, आणि त्यात पुढील गोष्टी... की संपलं. पुढच्या गोष्टी वाळवीच्या पोटात.

"रूथनं अर्थ लावला," साळवे पलीकडून म्हणाले. "म्हनाली, पानबुडीत काय असतं? मानसंच की. मग मानसांची बातमी द्यायची. एकच द्यायची, आजच्या दिवसातली, आन् खरी."

"जगात असा नियम कुठल्या खेळात असेल का?"

"नसंल. पर ताई, मी बी सुधाकररावांसारखाच हुतो. दिवसभर ब्लँकेटं, घरी आलो की गप. मानूस समोर बसून तोंडाकडं बघाया लागलं की मला शब्दच सुचंना. रूथ लई रडायची. ही भिंत आली आन् तोंड सुटलं. मग रोज खेळायचो. ती मुद्दाम जवळ बाँब टाकायची."

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हणजे इतकी वर्षं रोज संध्याकाळी आमचे हे या पुठ्ठ्यामागे बसून साळव्यांना बातम्या देत होते. माझ्या घरातल्या, माझ्या संसारातल्या, एकेक, ताज्या आणि खऱ्या. मला "हं" आणि साळव्यांना बातमी! दया यायच्या ऐवजी माझा जळफळाट दुप्पट झाला.

"काय काय सांगतात ते?"

"पानबुडीतली बातमी भाईर जात न्हाई, ताई."

"मग गुडघ्याची कशी गेली?"

"ती चूक झाली," साळवे हळूच म्हणाले.

मी दात-ओठ खाऊन बाँब टाकत सुटले. झाकणावरचा तो खलाशी माझ्यापुढे काहीच नाही. शेवगाव, लांब. भिंगार, जवळ.

"आज रविवार. चर्चमधनं आलो आन् कोट काढला न्हाई. कुनी आलं तर बरं दिसावं म्हनून. बाकी सर्व ठीक."

पुन्हा एक जवळ पडला.

"सकाळी कडी वाजल्यासारखी वाटली म्हनून पेरिस्कोप वर केला. वारं हुतं. बाकी सर्व ठीक."

मला वाईट वाटलं. पण मत्सराचं असं आहे, वाईट वाटलं तर तो जरा सरकून जागा देतो, उठून जात नाही. माझ्याकडची शेवटची गुंडी उरली होती. कुठे टाकावी सुचेना. आमचे हे त्या दिवशी पाथर्डीला गेलेले, डोक्यात तेच घोळत होतं.

"पाथर्डी," मी म्हणाले.

पलीकडे खुर्ची नुसती करकरली.

"लांब का जवळ? बोला की."

"बुडालो," साळवे म्हणाले.

मी टाळी वाजवली. खरंच वाजवली, शाळेच्या पोरीसारखी. साळवे उठून पलीकडून आले. त्यांनी बोटी गोळा केल्या, पट घडी केला, भिंत दुमडून वर ठेवली, झाकण लावलं आणि सबंध खोका माझ्या हातात दिला.

"हा कशाला? पैज ह्यांची होती."

"नुसता मानूस नेऊन काय करनार, ताई?" ते म्हणाले. "भिंत बी न्या."

मी नेली. आभारही मानले की नाही आठवत नाही, इतकी मी खुशीत होते.

संध्याकाळी हे आले. "साळव्यांना बुडवलं मी," मी सांगितलं, "आता ते खेळणार नाहीत, तुम्ही माझ्याशी खेळायचं." हे खोक्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. "हं," म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर मी जेवणाच्या टेबलावर पट मांडला, भिंत उभी केली, तेव्हा चपला न घालता येऊन बसले.

माझा पहिला जवळचा बाँब पडला, आणि भिंतीपलीकडून माझ्या नवऱ्याचा आवाज आला, "आज पोहे चांगले झाले होते."

मला रडू येईल की काय असं झालं. लग्नापासून पोहे करते आहे मी!

मग रोजच सुरू झालं. गुडघ्याचं सांगितलं. भंडारदऱ्याचं सांगितलं. एकदा भिंतीपलीकडून विचारणा झाली, "आजचीच बातमी लागते, की जुनी थकबाकी चालेल?" म्हटलं चालेल. तर म्हणाले, "तू मुख्याध्यापिका झालीस ना, तेव्हा मी बँकेत सगळ्यांना पेढे दिले होते. मॅनेजरसाहेबांना दोन." मी भिंतीआड डोळे पुसले आणि आवाज न बदलता "श्रीगोंदा" म्हणाले. त्या दिवसांत मला वाटलं, आता जगात माझ्याइतकी सुखी बाई नाही. शाळेत तर मी सगळ्या बाईंना ही पाणबुडीची गोष्ट तिखटमीठ लावून सांगत सुटले.

आणि एका संध्याकाळी ह्यांचा बाँब माझ्या जवळ पडला.

"बातमी दे," हे म्हणाले.

"आज शाळेत परत सांगितलं सगळ्यांना, साळव्यांना मी पहिल्याच डावात कसं बुडवलं ते. शेवटची गुंडी आणि थेट पाथर्डी!"

भिंतीवरून ह्यांचं डोकं वर आलं. हे नियमाविरुद्ध आहे.

"कुठं टाकलास म्हणालीस?"

"पाथर्डी."

"अगं, पाथर्डीत पाणी कुठलं?" हे म्हणाले. "तो पिवळा पट्टा म्हणजे वाळू. पाणबुडी तिकडे जातच नाही. जाऊच शकत नाही."

आमच्या ह्यांचं जन्मगाव पाथर्डीकडचं. तिथल्या पाण्याबद्दल त्यांना कुणी शिकवायला नको. आणि मी, याच जिल्ह्यात जन्म गेलेली बाई, भर पाथर्डीत पाणबुडी बुडवून गावभर सांगत फिरत होते.

"मग ते बुडालो का म्हणाले?"

हे खाली बसले. भिंतीआड गेल्यावर मग त्यांना बोलता आलं. "ते खेळात कधी खोटं बोलत नाहीत. मला ताप होता एकदा, तरी मला हरवलं होतं. दया नाही दाखवली." मग म्हणाले, "अजून एक बातमी आहे. आपण इथं खेळायला बसलो ना, की त्यांचा पाइप वर येतो. रोज. आपल्या दाराकडे तोंड करून असतो."

मी उठून स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं. पाइप होता. डावीकडे फिरत नव्हता, उजवीकडे फिरत नव्हता. आमच्या दारावर आरसा धरून नुसता उभा होता.

मी तिथेच ओट्याला धरून उभी राहिले. मला माझी लाज वाटली, ती वाटली तशी सांगते. ज्या माणसावर मी इतकी वर्षं जळले, त्याच्याकडे होतं काय? एक खोका आणि एक माझा नवरा, तोही संध्याकाळपुरता. मी तोंड उघडून मागितलं आणि त्याने दोन्ही देऊन टाकले, वर आयुष्यात पहिल्यांदा खेळात खोटं बोलला. आणि तो खोटं बोलतोय हे कळायला मला भूगोलसुद्धा आठवला नाही!

"चपला घाला," मी ह्यांना म्हणाले.

मी खोका काखेत मारला. आम्ही साळव्यांच्या फाटकाशी गेलो आणि मी नीट, रीतसर कडी वाजवली. पाइप आमच्या दाराकडे बघत होता तो एकदम दचकून खाली गेला. मग पुन्हा हळूहळू वर आला. डावीकडे फिरला. उजवीकडे फिरला. आमच्याकडे वळला आणि थांबला. मी खोका दोन्ही हातांनी वर धरला.

नेहमीचं वाक्य यायला वेळ लागला.

"कोन हाय ते कळालं," आतून आवाज आला. "या."

साळव्यांच्या अंगात कोट होता. रविवार नव्हता, बुधवार होता. मी तो पाहिला आणि पाहिला नाही असं केलं. टेबलावर पट मांडला, मधे भिंत उभी केली. पलीकडे साळवे पाणबुडी घेऊन बसले, अलीकडे आम्ही दोघं. उशीच्या खुर्चीवर हे, आणि माझ्यासाठी साळव्यांनी आतून एक स्टूल आणलं. स्टुलावरही त्यांनी टॉवेलची घडी घातली होती.

"नियम तेच ना?" मी विचारलं. "खोटं बोलायचं नाही."

पलीकडे चुळबुळ झाली. "तेच," साळवे म्हणाले.

"मग राहुरी."

"लांब."

ह्यांनी पटावर नजर फिरवली. इतक्या वर्षांची सवय, साळवे कुठे लपतात हे ह्यांना बरोबर ठाऊक असणार. "भिंगार," हे म्हणाले.

"जवळ."

आम्ही थांबलो. पलीकडे घसा खाकरला गेला, मग पुन्हा एकदा. बाहेर मांजर पाइपावर नखं घासत होती.

"रिपोर्ट देतो," साळवे म्हणाले. "आज फाटक वाजलं."

आम्ही पुढच्या वाक्याची वाट बघितली. 'बाकी सर्व ठीक' काही आलं नाही. पुठ्ठ्याच्या भिंतीमागे नाक ओढल्याचा आवाज आला.

ह्यांनी खिशातून रुमाल काढला आणि भिंतीवरून पलीकडे दिला. मी धुतलेला, मी इस्त्री केलेला, ह्यांच्या वाढदिवसाला मी घेतलेला रुमाल. या खेपेला मला मत्सर वाटला नाही. म्हणजे, फारसा नाही.